सतरा नंबरचा एप्रन

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय फादरमामा,

हॉस्पिटलातल्या इस्त्री सिस्टरांना संत ठरवण्याच्या कामी मी दिलेल्या साक्षीत चूक आहे. खरं सांगायचं तर चार आहेत, आणि चौथी वाचण्याआधी कृपा करून खुर्चीत बसा.

पान सहा. मी सांगितलं आहे की रुग्णांच्या कपड्यांच्या खिशात जी पत्रं सापडायची, ती इस्त्री सिस्टर कधीही न वाचता परत करायच्या. एक पत्र त्यांनी वाचलं होतं. ते भिजलं होतं, आणि भिजलेल्या कागदावरून इस्त्री डोळे मिटून फिरवता येत नाही. वाळलेलं पत्र त्यांनी त्या माणसाच्या खाटेपाशी नेऊन दिलं आणि म्हणाल्या, "वाचलं मी. भाऊ माफी मागतोय तुमची. उत्तर टाका." आजोबा ही गोष्ट नेहमी सांगायचे, आणि सिस्टर त्यांची सख्खी धाकटी बहीण होती, तेव्हा ती खरीच असणार. 'कधीही' हा शब्द मी मागे घेते.

पान नऊ. बिशपसाहेबांचा झगा तातडीनं हवा असा निरोप आला, तेव्हा सिस्टर नम्रपणे "थोडा वेळ लागेल" म्हणाल्या, असं मी लिहून दिलं. त्या म्हणाल्या होत्या, "बिशपसाहेब रांगेत तिसरे. पुढे एक हमाल आहे आणि एक बाळंतीण." नम्रपणा माझ्या पदरचा. साक्ष घेताना टेबलापलीकडे आताचे बिशप बसले होते, म्हणून माझी जीभ घसरली.

पान चौदा. सिस्टरांनी इस्त्री हातात असताना प्राण सोडला, हे चूक. त्यांनी इस्त्री बंद केली, उभी करून ठेवली, खुर्चीत बसल्या, आणि मग गेल्या. तापलेली इस्त्री तशीच टाकून जाणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

आता चौथी. दोन वर्षांपूर्वी तुम्हीच घरी येऊन म्हणाला होतात की सिस्टरांचा एप्रन तुमच्याकडे आहे, तर त्याचे छोटे छोटे तुकडे कापून प्रार्थनेच्या कार्डांवर लावा, लोक मागताहेत. तेव्हापासून दर शनिवारी मी कापते आहे. एप्रन पत्र्याच्या डब्यात असतो. मी तो खालच्या काठापासून वर, टपालाच्या तिकिटाएवढ्या चौकोनांत, ओळीनं कापत आले. कार्डामागे छापलेलं असतं, 'हे कापड सिस्टरांच्या स्वतःच्या एप्रनचं आहे.' त्याखाली कापणारी म्हणून माझी सही, साक्षीदार म्हणून आत्याची.

गेल्या शनिवारी कात्री खिशापर्यंत पोचली. खिसा उसवला. आतल्या बाजूला लाल दोऱ्यानं नंबर भरला होता. हॉस्पिटलच्या इस्त्रीखोलीत प्रत्येकीच्या एप्रनला नंबर असायचा, सिस्टरांचा सतरा, हे तुमच्याच कागदांत आहे.

खिशात एक्केचाळीस आहे.

आतापर्यंत चारशे बारा कार्डं गेली आहेत. काय करायचं ते लवकर कळवा. मला जेवण जात नाही, हे आत्याला सांगू नका, तिला वाटतं माझं पोट बिघडलंय.

तुमची भाची

*

९ फेब्रुवारी

प्रिय दुरुस्तीबाई,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं, आणि उभाच राहिलो. काही झालं नाही.

पहिल्या तीन दुरुस्त्या मंजूर. बिशपांना 'रांगेत तिसरे' वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं, या एका वाक्यावर मी तिला अर्धी संत मानायला तयार आहे. तेव्हा नम्रपणा काढून टाकला आहे. इस्त्रीही बंद केली आहे.

चौथीचं काय एवढं? एका खोलीत अकरा सिस्टर, एका दोरीवर अकरा एप्रन. घाईत हिनं तिचा बांधला, तिनं हिचा. एक्केचाळीस नंबर सिस्टरांनी महिनाभर वापरला असेल. देव कापडाचा नंबर बघत बसत नाही. तूही बसू नकोस.

आता कामाचं. आपली फाइल ९ मार्चला, सोमवारी, लाखेनं बंद होते आणि वर जाते. एकदा लाख लागली की त्यात माझ्या हातानं स्वल्पविरामसुद्धा घालता येणार नाही. एकवीस वर्षं हे काम चाललंय. माझ्या आधीच्या दोन फादरांचं यात आयुष्य गेलं, माझे केस गेले. सिस्टर भली होती हे सगळेच सांगतात. 'घरी जाणारा माणूस चुरगळलेला जाऊ नये' हा तिचा नियम त्या हॉस्पिटलात अजून पाळतात. मी स्वतः पाहिलं, गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या भंगारवाल्याला कडक इस्त्रीचा सदरा घालून घरी सोडलं. तो आरशासमोरून हलेना. पण भलेपणावर फाइल पुढे सरकत नाही. वरच्यांना एक तरी अशी घटना लागते जिच्यापुढे डॉक्टर हात टेकतील.

ती आपल्याकडे एकच आहे, घड्याळजीची. शिडीवरून पडला, उजव्या हाताची तीन बोटं चौदा महिने मेलेली. तिघा डॉक्टरांनी लिहून दिलं, आशा नाही. तुमचं कार्ड त्यानं पट्ट्याखाली बांधलं, सिस्टरांना हाक मारली, नवव्या दिवशी बोटं हलली. डॉक्टर अजून डोकं खाजवताहेत.

आमच्याकडे एक फादर आहेत ज्यांना नेमलंच आहे खुसपटं काढायला. आम्ही त्यांना हरकतराव म्हणतो. तेसुद्धा या केसवर गप्प आहेत, आणि ते गप्प असणं हाच एक चमत्कार आहे. त्यांना झोपू दे.

जेव.

तुझा फादरमामा

*

१३ फेब्रुवारी

प्रिय फादरमामा,

चूक माझी. मी अर्धंच लिहिलं, म्हणून तुम्हाला हसता आलं.

सिस्टर गेल्यावर हॉस्पिटलातून आमच्याकडे एक गाठोडं आलं. त्यात एकाच ताग्यातले, एकसारख्या निळ्या रेघांचे दोन एप्रन होते. एक त्यांचा, सतरा नंबरचा. दुसरा एक्केचाळीस, तो जास्तीचा, कुणाचाच नव्हता. कोराच होता, घडीही मोडली नव्हती. सिस्टरांचा डब्यात ठेवला. दुसरा आत्यानं स्वयंपाकघरात घेतला.

एक्केचाळीस डब्यात सापडल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आत्या कांदा परतत होती. मी म्हटलं, "आत्या, जरा वळ." ती म्हणाली, "कांदा करपेल." मी तिच्या कमरेच्या खिशात हात घालून तो उलटा केला. त्यात लसणाची सालं होती, एक रबर होतं, आणि लाल दोऱ्यानं सतरा.

म्हणजे फादरमामा, ज्या एप्रनसाठी लोक पत्रं लिहितात, त्याला दोन वर्षं आत्या हात पुसते आहे. त्यानं ती गरम पातेली उतरवते. आणि चारशे बारा घरांत, उशीखाली, पट्ट्याखाली, देवाच्या फोटोमागे, जे कापड आहे त्याला सिस्टरांचं बोटसुद्धा लागलेलं नाही. ते फक्त आत्याचं आहे.

कसं झालं तेही माझ्या लक्षात आलं. कापायला घेण्याआधीच्या शनिवारी मी घरातली सगळी इस्त्री केली होती. सिस्टरांच्या घरचं कापड बिनइस्त्रीचं बाहेर जायला नको, म्हणून डब्यातला एप्रनही काढला. दोन्ही एकावर एक ठेवले, आणि उचलताना अदलाबदल केली. खिशात बघायचं सुचलं नाही. न बघता सही केली, चारशे बारा वेळा.

तुम्हाला ठाऊक आहे, अकरा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही, आत्याच माझी शाळा. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिचा एकच नियम होता. चूक खोडायची नाही. तिच्यावरून एकच रेघ मारायची, म्हणजे चूक वाचता येते, वर बरोबर लिहायचं आणि बाजूला सही करायची. आता चारशे बारा रेघा कुठे मारू?

देव नंबर बघत नसेल. मी बघितला. आणि घड्याळजींची बोटं जर कापडानं हलली असतील तर ती आत्यानं हलवली, जिनं आजवर बरं केलेलं एकमेव दुखणं म्हणजे माझा आळस, तेही लाटण्याचा धाक दाखवून. मी तिला हे म्हटलं. वाटलं होतं हसेल. ती म्हणाली, "तोंड आवर आणि ताटं घे."

गप्प बसले तर ९ तारखेला माझं खोटं लाखेखाली जाईल. बोलले तर एकवीस वर्षांचं काम माझ्या एका शनिवारच्या धांदरटपणामुळे बुडेल. सिस्टर संत होणार नाहीत, आणि ते मी केलेलं असेल. यातलं कमी वाईट कोणतं, ते तुम्ही सांगा. हे तुमचं कामच आहे.

तुमची भाची

*

१६ फेब्रुवारी

फादर,

पत्र बघून दचकू नका. तुम्ही माझ्या वहिनीचे चुलतभाऊ, आणि वहिनी गेल्यापासून आपल्यात सणावारीसुद्धा चार ओळी नाहीत. पण पोरीनं तुम्हाला लिहिलंय हे मला कळलं, शाई टिपलेला टिपकागद तिनं उलटा ठेवला होता आणि मला अजून उलटं वाचता येतं.

तिच्याकडून चूक झालेली नाही. अदलाबदल मी केली.

तुम्ही आमच्याकडे आलात, चहा घेतलात, तीन बिस्किटं घेतलीत, आणि म्हणालात, एप्रनचे तुकडे करा. मी हो म्हटलं, कारण धर्मगुरूला तोंडावर नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. तुमची पाठ वळली आणि मी डबा उघडला. नऊ वर्षांची असताना माझा एकुलता एक बरा फ्रॉक कुंपणाला अडकून फाटला होता. आई मारणार म्हणून मी हॉस्पिटलच्या इस्त्रीखोलीत जाऊन लपले. माझी आत्या, म्हणजे तुमची इस्त्री सिस्टर, काही बोलली नाही. हा एप्रन मला गुंडाळला, फ्रॉक शिवला, इस्त्री केला, परत घातला. मग म्हणाली, "फाटलं की शिवायचं. धडधाकट कापडाला कात्री लावायची नाही." आणि तुम्ही मला सांगता तिच्याच एप्रनला कात्री लावा.

मी एक्केचाळीस डब्यात ठेवला आणि सतरा कमरेला बांधला. तुम्ही म्हणाल कपाटात का नाही ठेवला. कपाटात ठेवला असता तर उद्या दुसरा कुणी फादर कात्री घेऊन आला असता. बाईच्या कमरेचा एप्रन कुणी मागत नाही. शिवाय ती कामाची बाई होती. तिचा एप्रन डब्यात काय करेल?

कार्डामागचं वाक्य मी वाचून सही केली. चष्मा नव्हता वगैरे सांगणार नाही.

आता माझं म्हणणं ऐका. पोरीला यातलं काही सांगू नका. तिला वाटतंय इस्त्रीच्या दिवशी चुकून झालं, ते वाटू दे. चूक तिच्या पचनी पडते, तिला सवय आहे. पण आत्यानं जाणूनबुजून केलं हे तिला कळलं तर... मी तिची शाळा आहे, फादर. शाळेनं कॉपी केलेली मुलांना कळू नये.

आणि घड्याळजीची फाइल जाऊ द्या वर. त्याची बोटं हलली ना? मग?

सतरा नंबरला हात लावू देणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

पोरीची आत्या

ता. क. त्या दिवशी बिस्किटं तुम्ही चार घेतली होती. मी भिडेखातर तीन लिहिलं.

*

१९ फेब्रुवारी

प्रिय भाची,

या वेळी बसून वाचलं.

तू विचारलंस कमी वाईट काय. मी तीन दिवस पुस्तकं चाळली आणि मला तिसरी वाट सापडली. साक्षीला एक छोटी पुरवणी जोडू. त्यात लिहू: 'कार्डांवरचं कापड इस्त्री सिस्टरांच्या हॉस्पिटलच्या इस्त्रीखोलीतल्या एप्रनचं आहे.' शब्द न् शब्द तपासून बघ, एकही खोटा नाही. एप्रन हॉस्पिटलचाच, इस्त्रीखोलीतलाच. 'स्वतःच्या' हा एक शब्द फक्त गळतो. हरकतरावांच्या चष्म्यातून तो निसटेल. आम्ही नेहमी असं करतो असं नाही, पण कधीच करत नाही असंही नाही.

आणि खरी गोष्ट अशी की घड्याळजीनं हाक कापडाला मारली नाही, सिस्टरांना मारली. हे मी पुस्तकातलं सांगतोय, तुझं मन राखायला नाही. पण हरकतराव म्हणतील, ज्यांनी कापडाबद्दल खोटी सही केली त्यांच्या बाकी कागदांवर विश्वास का ठेवायचा? मग डॉक्टरांचे दाखलेही नव्यानं तपासतील. एक वर्ष जाईल किंवा दहा. कदाचित केस बादच होईल. मी पासष्टचा आहे, हे फक्त माहितीसाठी.

पुरवणीचा मसुदा सोबत आहे. सही करून पाठव, किंवा करू नकोस. सही तुझी आहे.

आणखी एक. आत्याला विचार. काय विचार, ते मी लिहू शकत नाही.

तुझा फादरमामा

*

२४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय फादरमामा,

मसुदा सही न करता परत पाठवते आहे. मी तो पाच वेळा वाचला. एकही शब्द खोटा नाही हे खरंच, आणि तरी तो वाचून जो उठेल त्याच्या डोक्यात खोटंच बसलेलं असेल. तुम्ही तो किती कष्टानं लिहिला असेल ते दिसतं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आहे.

आत्याला विचारलं. शनिवारी दुपारी, इस्त्री चालू असताना.

"फादरमामा म्हणतात, आत्याला विचार."

"काय विचार?"

"ते नाही लिहिलं."

"बघ पुरुषांचं," आत्या म्हणाली. "अर्धं शिजवायचं आणि पातेलं आपल्या हातात द्यायचं." मग तिनं माझ्या हातातून इस्त्री काढून घेतली, बंद केली, आणि सगळं सांगितलं. फ्रॉक, कुंपण, तुमची बिस्किटं. (माझ्याजवळ पाच म्हणाली.)

मला राग आला. एप्रनचा नाही आला. मी म्हटलं, "तीन आठवडे मी घरातल्या कपड्यांवर नंबर घालून, प्रत्येकाचा मोठ्यानं वाचून घडी घालते आहे. टॉवेलांचेसुद्धा. तू समोर बसून बघत होतीस."

"हो. मला वाटलं, थकशील."

"मी थकते का कधी?"

"नाही," ती म्हणाली. "मीच तसं शिकवलं, आता कुणाला बोल लावू?"

मग मी सांगितलं की मी शपथेवर दुरुस्ती देणार. मी माझंच सांगेन, की न बघता सही केली. पण त्यांनी विचारलं की एक्केचाळीस डब्यात आला कसा, तर मला उत्तर द्यावं लागेल. ठाऊक नाही म्हणता येणार नाही, कारण आता ठाऊक आहे.

"म्हणजे माझं नाव घेणार."

"घेणार."

"मग पुरतं घे. नुसतं 'आत्या' म्हणू नकोस, तिथे काय सगळ्यांची आत्या आहे मी?" ती उठली आणि कांदे चिरायला बसली. स्वयंपाकाला अजून दोन तास होते. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाली, "आणि खरा एप्रन कुठाय म्हणून विचारतील. सापडला की कापतील."

शपथेच्या दिवशी ती माझ्याबरोबर तुमच्याकडे येईल की नाही मला माहीत नाही. मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. मात्र तुम्हाला आत्ताच कळवते, मी यापुढे एकही चौकोन कापणार नाही. सतरा नंबरला कात्री लावायची झाली तर ती तुम्हाला स्वतः लावावी लागेल, आणि तेव्हा तो आत्याच्या कमरेला असेल.

मग मला वाटलं, हात ज्याचा आहे त्याला आधी कळायला हवं. काल घड्याळजींच्या दुकानात गेले. ते डोळ्याला भिंग लावून एका बायकी घड्याळावर वाकले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मी फार भरभर बोलले असणार, कारण त्यांनी भिंग काढलं, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "पुन्हा. आणि या वेळी श्वास घेत."

पुन्हा सांगितलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी नऊ दिवस तुझ्या आत्याचा एप्रन हाताला बांधून बसलो होतो?"

"हो."

"त्या आत्याचा, जिनं परवा भाजीवालीला रडवलं?"

"रडवलं नाही. भाजीवाली आधीच रडत होती. आत्यानं फक्त कारण विचारलं, जरा मोठ्यानं."

ते इतके हसले की भिंतीवरच्या एका घड्याळानं त्याच वेळी टोला दिला तो ऐकूच आला नाही. मलाही हसू आलं. महिनाभरात पहिल्यांदा.

मग हसता हसता ते थांबले. उजवा हात टेबलावर ठेवून बघत राहिले. म्हणाले, "मी हाक सिस्टरांनाच मारली होती हो. कापडाकडे बघितलंही नाही. लहानपणी माझं हाड मोडलं तेव्हा त्यांनी माझा शाळेचा शर्ट इस्त्री करून दिला होता, तेवढीच आमची ओळख." आणि मग फार हळू, "तुझ्या त्या हरकतरावांनी केस बाद केली, तर हात परत जाईल का?"

फादरमामा, याचं उत्तर तुमच्या पुस्तकांत असेल. पासष्ट वर्षांचा माणूस (तुमच्याच वयाचे आहेत) माझ्याकडे असं बघत होता जसं काही ते माझ्या सहीवर अवलंबून आहे. जाणार नाही असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही, कारण मला ठाऊक नाही. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही. पण ठाऊक नसताना मी तुमच्या नावावर काही लिहून देणार नाही, एवढं सांगू शकते."

त्यांनी मान हलवली. चिमटा उचलला, घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग पकडली, आणि जागेवर बसवू लागले. स्प्रिंग पहिल्या खेपेला बसली नाही. दुसऱ्या खेपेला बसली.

"पहिल्या खेपेला कधीच बसत नाही," ते म्हणाले. "पडण्याआधीसुद्धा बसायची नाही. हे तुझ्या कागदांत आहे का?"

नाही. तुमच्या फाइलीत पान बावीसवर आहे की त्यांचा हात 'पूर्वीपेक्षाही स्थिर' झाला. तेही दुरुस्त करायचं आहे. पूर्वीइतकाच झाला. ते म्हणतात, इतकंच त्यांनी मागितलं होतं.

तुमच्या केसांबद्दल आणि पासष्ट वर्षांबद्दल मला फार वाईट वाटतं. हे मी नीट विचार करून लिहिते आहे. सिस्टर संत ठरायला दहा वर्षं जास्त लागली तर ती माझ्यामुळे लागतील, आणि कदाचित तुम्ही ते बघायला नसाल. मला वाटलं होतं हे लिहिताना हात अडेल. अडला नाही. रांगेत पुढे चारशे बारा माणसं आहेत, त्यांना आधी खरं कळलं पाहिजे. पत्ते माझ्याकडे आहेत. पहिली वीस पत्रं लिहून तयार आहेत, पण तुमच्याकडे शपथ झाल्याशिवाय टाकणार नाही, नाहीतर तुम्हाला बाहेरून कळल्यासारखं होईल.

घड्याळजी दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर येताहेत. त्यांनाही पान बावीसबद्दल सांगायचं आहे. एक्केचाळीस नंबरचं जे उरलं आहे ते मी पिशवीत घालून आणीन. आम्ही पहिल्या बसनं निघू. शपथेचं पुस्तक आणि हरकतराव, दोघांनाही जागं ठेवा.

गुरुवार, पाच मार्च, सकाळी साडेदहा.

तुमची भाची